टायटॅनियमपासून पुठ्ठ्यापर्यंत : अंतराळ-शिल्पाचा मागोवा

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि शिल्पकारांपुढे नवा विषय उभा राहिला. मात्र त्याचा पहिला भव्य आविष्कार स्मारकाच्या जुन्याच साच्यात झाला. मॉस्को येथे 1964 मध्ये उभारलेल्या 107 मीटर उंचीच्या स्मारकात अग्निबाणामागचा धुराचा लोट टायटॅनियम या हलक्या, न गंजणाऱ्या धातूच्या पत्र्याने मढवलेला आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पॉल व्हान हॉयडॉंक या बेल्जियन कलावंताची जेमतेम साडेआठ सेंटिमीटरांची ॲल्युमिनियमची मानवाकृती येते, जी ऑगस्ट 1971 मध्ये अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी 14 दिवंगत सहकाऱ्यांच्या नावांच्या पट्टीसह चंद्रावर ठेवली. कलावंताला ती उभी हवी होती, अंतराळवीरांनी ती आडवी ठेवली आणि तिला ‘धारातीर्थी पडलेला अंतराळवीर’ या अर्थाचे नाव पडले. विजयाच्या प्रतिमेचे असे श्रद्धांजलीत रूपांतर झाले.

मुंबईत अंतराळ आणि शिल्प यांचा संबंध अधिक आडवळणाने आला. 1962 मध्ये ज्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली देशाची अंतराळ समिती स्थापन झाली, त्याचे प्रमुख होमी भाभा हेच टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी समकालीन चित्र-शिल्पे जमवत होते. ना. ग. पानसरे यांच्याकडे शिकलेले शिल्पकार आदी दाविएरवाला (1922–1975) याच काळात लाकूड-दगडाकडून जोडकामाच्या, म्हणजे तुकडे वितळवून सांधलेल्या, धातूकडे वळले. अशा शिल्पांत यान शोधणे व्यर्थ आहे. वस्तुमान, तोल आणि पोकळी हेच तेथे विषय होतात.

खरा लोकव्यापी अध्याय गणेशोत्सवातील देखाव्यांचा आहे, आणि कलासमीक्षेने त्याकडे केलेले दुर्लक्ष समर्थनीय नाही. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठा, बांबूच्या कामट्या आणि कागदाचा लगदा ही साधने पुन्हा पुढे आली. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चे ‘विक्रम’ हे अवतरक, म्हणजे हळुवार उतरणारे यान, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले आणि अवघ्या 27 दिवसांनी गणेश चतुर्थी आली, त्यामुळे त्या वर्षी राज्यभर हाच देखावा गाजला. मूळ यानाचे उष्णतारोधक आवरण सोनेरी असल्याने भेटवस्तूंचा चकचकीत कागद तेथे चपखल बसतो. चार पायांची चौकट खोक्यातून सहज निघते. खरी कसोटी लागते ती यानातील ‘प्रज्ञान’ या बग्गीच्या सहा चाकांवर आणि लगद्यात उठवायच्या विवरांवर, कारण विवराचा कठडा जास्त उंच झाला की चंद्रभूमीचे वारूळ होते. मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या बाजाराच्या गावातही यासाठी लागणारे सारे सामान दुकानांत आणि परसात मिळण्याजोगे आहे, हेच या शिल्पप्रकाराचे बळ होय.

विसर्जनानंतर मात्र देखावा मोडला जातो आणि त्याची नोंद राहत नाही. गावोगावच्या मंडळांनी आणि वाचनालयांनी देखाव्याचे छायाचित्र, वर्ष, साहित्य आणि कारागिरांची नावे वहीत लिहून ठेवण्यास येत्या उत्सवापासूनच सुरुवात करावी.