घणाघाती भाषणातला घण

निवडणूक आली की पांढरकवड्यात मांडव पडतात, भोंगे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एक शब्द हमखास छापून येतो : 'घणाघाती भाषण'. मागे आमच्या गटातल्या एका काकूंनी विचारलं, "घणाघाती म्हणजे घणघण वाजणारं का वं?" आम्ही हसलो खऱ्या, पण नीट सांगता एकीलाही आलं नाही. म्हणून आज तोच शब्द घेतला.

घणघण नाही, घण. लोहाराचा तो मोठा, दोन्ही हातांनी उचलायचा हातोडा. संस्कृतातल्या 'घन'वरून घण झाला. आघात म्हणजे जोराचा फटका. घणाचा आघात तो घणाघात, आणि तसे फटके देत केलेलं भाषण घणाघाती. इंग्रजीत अशा भाषणाला 'फिलिपिक' असाही एक शब्द आहे. सुमारे २,३५० वर्षांपूर्वी ग्रीस देशात अथेन्स शहरात डेमॉस्थेनिस नावाचा वक्ता होता. मॅसिडोनियाचा राजा फिलिप आपलं शहर गिळणार, सावध व्हा, असं तो लोकांना पुन्हा पुन्हा बजावत राहिला. त्या भाषणांवरून हा शब्द पडला. म्हणजे ज्याला झोडपलं त्याचंच नाव भाषणाला मिळालं. आपल्या शब्दात मात्र नाव आहे ते हत्याराचं.

आता हे हत्यार चालवतं कोण? पेरणीच्या आधी वखराची पास, विळे, कुऱ्हाडी पाजवायला आपण लोहाराकडे जातो. गावाबाहेर घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं असेल तर तिथं जातो. आठवा बरं, तिथं घण कोणाच्या हातात असतो? पुष्कळदा बाईच्याच. पुरुष सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि लहान हातोडीनं जागा दाखवतो. बाई पदर खोचून, डोक्यावरून घण आणून नेमका तिथंच मारते. लोखंड लाल आहे तोवर मारते. काळं पडलं की थांबते, लोखंड परत भट्टीत जातं. थंड लोखंडावर मारून हात दुखतात, वस्तूला आकार येत नाही.

म्हणजे या शब्दात जोर आहे, नेम आहे, वेळ साधणं आहे. लांबी मात्र कुठंच नाही. दोन तास बोलला म्हणून कोणी घणाघाती होत नाही. लांबणीसाठी मराठीत वेगळे शब्द आहेत. एक गुऱ्हाळ. आपल्या कापसाच्या तालुक्यात गुऱ्हाळं दिसत नाहीत, पण पुसद-उमरखेडकडे ऊस आहे. उसाचा रस काहिलीत तासन् तास आटवत बसावं लागतं, म्हणून न संपणारी चर्चा म्हणजे गुऱ्हाळ. दुसरा चऱ्हाट. ताग-अंबाडीची दोरी वळत जावी तशी लांबतच जाणारी बडबड.

आमची तक्रार आहे ती इथं. पुरुष माईकवर तासभर ओरडला तर तो घणाघाती. बाई ग्रामसभेत उभी राहून दोन वाक्यं बोलली की मागून आवाज येतो, "झालं यांचं चऱ्हाट सुरू!" आमच्या एका मैत्रिणीला हे ऐकावं लागलं. ती बंद हापसीबद्दल बोलत होती. बिचारी खाली बसली, आणि पुढच्या दोन सभांना आलीच नाही.

आपल्या जिल्ह्यात याच्या उलटही घडलेलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं, त्यावरून राज्यभर वाद पेटला. शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. पतीनं आत्महत्या केल्यावर मुलांना वाढवणारी ही शेतकरी बाई. मोठमोठ्या साहित्यिकांसमोर त्या आपल्या वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्यांच्या विधवांचं जगणं मांडून गेल्या. लोखंड लाल होतं आणि फटका बरोबर जागेवर बसला. त्याला चऱ्हाट म्हणायची कोणाची छाती झाली असती?

हापसीवाल्या मैत्रिणीला आम्ही परत उभं केलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी तरतूद आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथं आम्ही दोनच मुद्दे ठरवले : हापसी कधीपासून बंद आहे, आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार. बाकी रस्ते, नाल्या, दिवे पुढच्या वेळेला. ग्रामसभेत ती तेवढंच बोलली आणि म्हणाली, "हे इतिवृत्तात लिहा, अन् वाचून दाखवा."

मागून कोणीतरी खाकरलं. ती तशीच उभी राहिली. सचिवांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मग ती खाली बसली.