साहेबांनी रिकामं ठेवलेलं नाटकघर

शिरढोणहून नाटकाला जायचं तर मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल गाठायचं. पळस्प्याची कोंडी आडवी आली नाही, तर तिसऱ्या घंटेच्या आत माणूस खुर्चीत असतो. तिथल्या नाट्यगृहाला नाव आहे शिरढोणच्याच सुपुत्राचं, आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं. रंगमंदिरांना सहसा नटांची, नाटककारांची नावं देतात. इथे इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेला माणूस आहे. त्यांची जयंती ४ नोव्हेंबरला आणि मराठी रंगभूमी दिन दुसऱ्याच दिवशी, हा योगही झकास.

फडक्यांचा जन्म १८४५ चा. ते जेमतेम तीन महिन्यांचे असताना, फेब्रुवारी १८४६ मध्ये, खाडीपलीकडे मुंबईत ग्रँट रोडवर एक भव्य नाटकघर उघडलं. मराठी नाटकाचं मुंबईतलं बस्तान याच इमारतीत बसलं, पण ती बांधली गेली ती मराठी नाटकासाठी नव्हे.

मुंबईच्या गोऱ्यांचं जुनं थिएटर १७७६ पासून बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी होतं. ते कर्जात बुडालं आणि १८३५ मध्ये लिलावात निघालं. नवं हवं म्हणून सरकारकडे अर्ज गेला, त्यावर गोऱ्यांबरोबर एतद्देशीय शेटसावकारांच्याही सह्या होत्या. जागा दिली जगन्नाथ शंकरशेट यांनी, स्वतःच्या जमिनीतली. लोक या वास्तूला शंकरशेटांचं नाटकघर म्हणत, ते उगीच नव्हे.

घोळ झाला तो जागेचा. साहेब लोक राहत फोर्टात, नाहीतर मलबार हिलकडे. ग्रँट रोड म्हणजे त्यांच्या लेखी गावाबाहेरचा आणि काळ्या वस्तीला लागून असलेला रस्ता. रात्री बग्गी जोडून तिथवर जायचा मडमांना कंटाळा. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. माझ्या मते मराठी रंगभूमीवर साहेबांच्या या आळसाइतके उपकार फार थोड्यांनी केले असतील.

इकडे सांगलीत नाटककार विष्णुदास भाव्यांचे आश्रयदाते, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले. राजाश्रय तुटला आणि मंडळी पोटासाठी दौऱ्यावर निघाली. मार्च १८५३ मध्ये भाव्यांनी याच ग्रँट रोड थिएटरात तिकीट लावून खेळ केला. त्यांचा खेळ कसा, तर सूत्रधार एका बाजूला उभा राहून मृदंगाच्या साथीवर पदं म्हणणार, पात्रं त्या प्रसंगाचे संवाद आयत्या वेळी रचून बोलणार. राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत येणार. विलायती धाटणीच्या त्या रंगमंचावर ही आरोळी घुमली, तेव्हा प्रेक्षकांत इंग्रजही होते. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही इथेच उभी राहिली, आणि नोव्हेंबरात भाव्यांनी हिंदीत ‘राजा गोपीचंद’ केलं.

मग रस्ताच बदलला. व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी एकाला लागून एक थिएटरं झाली आणि ‘प्ले हाऊस’चं ‘पिला हाऊस’ होऊन वस्तीला ते नावच चिकटलं. रिपनचं पुढे आल्फ्रेड टॉकीज झालं. शंकरशेटांच्या नाटकघराचा मात्र आज दगडही दाखवता येत नाही. मुंबईला जुन्या इमारतींचं प्रेम उशिराच सुचतं.

फडके तरुणपणी नोकरीनिमित्त काही काळ मुंबईत होते. १८७९ मध्ये रामोशांना घेऊन त्यांनी बंड केलं, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. त्यानंतर अडतीस वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, याच ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेलं ‘संयुक्त मानापमान’ झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. तिकिटांसाठी झुंबड उडाली, आणि गल्ला गेला टिळक स्वराज्य फंडाला.