युद्धकाळांतील साधा घास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं ज्यांचें बालपण मुंबईंत गेलें, तीं माणसें आज नव्वदीच्या आसपास पोंचलीं आहेत. त्या काळच्या जेवणाची गोष्ट निघाली म्हणजे त्यांना पक्वान्नें आठवत नाहींत. आठवते ती मीठ घातलेली पेज, ज्वारीची भाकरी आणि गुळाचा चहा. हे साधे पदार्थ घरोघरीं कां आले, हें समजून घेण्यासारखें आहे.

मुंबईचें धान्य बाहेरून येई. तांदूळ तर बराचसा ब्रह्मदेशांतून. मार्च १९४२ मध्यें जपानी सैन्यानें रंगून घेतलें आणि ही वाट बंद झाली. आगगाड्या लष्कराच्या कामीं गुंतल्या, भाव भडकले, धान्य साठेवाल्यांच्या कोठारांत जाऊन बसलें. तेव्हां मे १९४३ मध्यें मुंबईंत शिधावांटप सुरू झालें. त्याच वर्षीं सरकारी समितीनें शहरांतील प्रौढ माणसास दररोज १ पौंड, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम, धान्य मिळावें असें सुचविलें. १९४६ च्या टंचाईंत हें माप १२ औंसांवर, म्हणजे सुमारें ३४० ग्रॅमांवर उतरलें. ज्या घरीं दूध, तूप व भाजी बेताची, तेथें पोट धान्यानेंच भरावें लागतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो.

कोंकणी घरांत तांदूळ कमी पडूं लागला व त्याच्या जागीं ज्वारी-बाजरी आली. तांदळाच्या उकडीला सरावलेला हात या पिठावर बसेना. त्यांतून जुन्या धान्याच्या पिठाला विरी नसते. तें कढत पाण्यांत मळलें तरच भाकरी अखंड उतरते. धान्यांतले खडे निवडण्याचें काम मुलांकडे असे. थोड्या तांदळांत पाणी वाढवून केलेली पेज चौघांच्या भातांत सहांना पुरे. शिवाय भाताचें पाणी ओतून टाकल्यानें जें सत्त्व वाहून जातें, तें पेजेंत राही. साखर मोजून मिळे, म्हणून चहांत गूळ आला. पण गुळासह दूध उकळलें तर तें फाटतें, म्हणून दूध शेवटीं, चहा उतरवून घालावयाचें, हेंहि घरोघरीं ठाऊक झालें.

या आठवणी गोड वाटतात, त्याचें एक कारण असें कीं मुंबईंत शिधापत्रिका वेळेवर आली. बंगालमध्यें १९४३ सालीं लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. कलकत्त्यांत शिधावांटप सुरू व्हावयास १९४४ चा जानेवारी उजाडला, आणि खेड्यांतील माणसाच्या हातीं तर पत्रिकाच नव्हती. सर्वांना सारखें माप मिळणें ही केवळ सोय नव्हे. कित्येकांना तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

परंतु पत्रिकेवरचें माप सारखें असलें, तरी ताटांतलें माप सारखें नसे. तें घरांतली बाई ठरवी, आणि ती सर्वांच्या मागून जेवे. पेज गोड लागत होती, हें त्या वेळचीं मुलें आजहि सांगतात. आईच्या ताटांत काय उरत असे, असें विचारलें म्हणजे मात्र तीं थांबतात; कारण तिकडे त्यांनीं कधीं पाहिलेंच नव्हतें.