उलट्या पोटातली दुर्बीण

तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या मुखात नळी सरकवता येते, हे अमेरिकेत मॅक्क्यून आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवलं. जपानी डॉक्टरांनी बाजूला पाहणाऱ्या दुर्बिणीवर हे तंत्र पक्कं बसवलं. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग, तर जपानमध्ये कावाई यांनी ते मुख आतूनच कापलं आणि पोट न फाडता खडे काढण्याची वाट खुली झाली. हीच आजची ईआरसीपी. पण यकृत उजवीकडे, जठर डावीकडे हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

साधारण दहा हजारांत एकाचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. सायटस इन्व्हर्सस. बहुतेकांची तब्येत ठणठणीत असते, त्यामुळे पत्ताच लागत नाही. मग एखादा खडा नलिकेत अडकतो, कावीळ होते आणि कळ येते ती डाव्या बरगडीखाली. छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसलं की पहिला संशय फिल्म उलटी लागल्याचा!

अशा रुग्णांवरच्या ईआरसीपीचा वृत्तांत व्हेनू, गीनन प्रभृतींनी १९८५ मध्ये छापला. खरी अडचण जठर ओलांडल्यावर येते. एरवी डॉक्टर दुर्बीण उजवीकडे पिळतो आणि मागे ओढतो, की नलिकेचं मुख समोर येतं. इथे डावीकडे पिळायचं. नळी एरवी घड्याळातल्या अकराच्या दिशेने शिरते, इथे एकच्या दिशेने. कापायच्या तारेचा बाक मात्र नेहमीच्याच शरीरासाठी घडवलेला, ती अकराकडेच ओढ घेते. जवळच स्वादुपिंडाची नलिका. चुकून वारंवार तिच्यात शिरलं तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून काहींनी फिरवता येणारी तार वापरली, तर काहींनी कापण्याऐवजी फुग्याने मुख रुंदावलं.

पुढच्या वर्षांत दोन वाटा पडल्या. एक म्हणजे सगळंच उलटं मांडायचं: रुग्ण उजव्या कुशीवर, डॉक्टर टेबलाच्या पलीकडे. दुसरी, मांडणी नेहमीचीच ठेवून फक्त पीळ बदलायचा. मला दुसरी जास्त पटते. मदतनीस, भूलतज्ज्ञ, एक्स-रेचा पडदा जागच्या जागी राहतात आणि बदल एकाच मनगटापुरता उरतो. मात्र दोन्ही वाटांनी काम फत्ते झालं आहे, आणि कोणती सरस हे ठरवण्याइतके रुग्ण कुणाही एका डॉक्टरच्या वाट्याला येत नाहीत. इथलं शहाणपण सुट्या वृत्तांतांतूनच साठत आलं, म्हणून अशी नोंद कष्टाने लिहून काढणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नव्वदच्या दशकात एमआरसीपी, म्हणजे नलिकांचं एमआरआय चित्रण, आली आणि नलिकांचा नकाशा दुर्बीण घालण्याआधीच हाती येऊ लागला. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडला तो इथे, कारण टेबलावर अचानक कळणं आणि तयारीनिशी उभं राहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ही तयारी पुढच्या खेपेलाही लागते. नलिका मोकळी ठेवायला प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, घातला असेल, तर साधारण तीन महिन्यांत तो काढायला किंवा बदलायला रुग्ण परत येतो, आणि तेव्हा डॉक्टर वेगळा असू शकतो. डिस्चार्ज कार्डावर ‘अवयव उलटे’ एवढंच लिहून भागत नाही. रुग्ण कोणत्या कुशीवर होता, डॉक्टर कुठे उभा होता, पीळ कुठल्या दिशेने दिला, तेही त्यावर यायला हवं.