कॉफीचं बिनसतं ते पावसाच्या वेळेवर

हवामानबदल म्हणजे उष्णता वाढणार आणि उन्हानं कॉफी करपणार, एवढंच आपल्या डोक्यात असतं. ते खोटं नाही. अरेबिका जातीच्या कॉफीला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं. पण कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूरचा बागायतदार आधी पावसाच्या तारखा काढून बसतो.

कॉफीच्या कळ्या थंडीत फांदीवर धरतात आणि निपचित पडून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान एक दमदार सर आली की आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढराशुभ्र फुलतो. हा ‘ब्लॉसम शॉवर’. पुढं काही आठवड्यांनी फळ धरायला आणखी एक सर लागते, तो ‘बॅकिंग शॉवर’.

त्यामुळे ‘पाऊस जास्त तर पीक जास्त’ हे कॉफीला लागू नाही. हीच सर जानेवारीत आली, तर रोबस्टा या दुसऱ्या जातीची तोडणी चालू असतानाच झाडं फुलतात. एकाच फांदीवर पिकलेली फळं आणि फुलं. तोडणाऱ्याचा हात लागून फुलं झडतात, खळ्यावर वाळत घातलेली फळं भिजून बुरसतात. सर नुसती शिंतडून गेली तर कळ्या अर्धवट उमलून वाया. ऐन फुलोऱ्यात कोसळली तर परागीभवन बिघडतं, आणि रोबस्टाला तर दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात.

तरी ‘रोबस्टा दणकट आहे, ती लावा’ हा सल्ला मिळतोच. तांबेरा रोगाला ती अरेबिकाइतकी सहज बळी पडत नाही, हे खरं. तहानेचं काय? तुषार सिंचनानं फुलोरा आणता येतो, पण मार्चमध्ये तळ्यात पाणी हवं ना! रोबस्टात जगात पहिल्या असलेल्या व्हिएतनामला २०२४मध्ये दुष्काळानं गाठलं आणि भाव कडाडले. चढा भाव सगळ्या बागायतदारांना पावतो असंही नाही. ज्याचं पीक गेलं, तो विकणार काय?

मग मळे डोंगरात वर, गारव्याला सरकवा? मुळ्ळयनगिरी हे कर्नाटकातलं सर्वोच्च शिखर जेमतेम १,९३० मीटरचं. वरच्या अंगाला पाणी धरून ठेवणारी शोलाची जंगलं आणि गवताळ माळ. ते तोडून कॉफी लावणं म्हणजे पाण्याच्या मुळावरच घाव.

मळ्यातल्या सावलीच्या झाडांबद्दलचा समज मला सर्वांत घातक वाटतो: ती छाटली की उत्पन्न वाढतं. काही काळ वाढेलही. पण अरेबिकाचा पांढरा खोडकिडा अंडी घालतो ती उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीच्या भेगांत. अळी आत पोखरत जाते, आणि झाड पिवळं पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही.