नोझलमधली सुई

धारेच्या माऱ्याने फिरणाऱ्या पेल्टन चक्राच्या नोझलमध्ये पाण्याची धार जाड-बारीक करणारी एक पोलादी सुई बसवलेली असते. कोयनानगरच्या धरणातले काही पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरते ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहातल्या आठ पेल्टन चक्रांवर. पहिल्या टप्प्याची चार, दुसऱ्या टप्प्याची चार. या सगळ्या चक्रांचा कारभार सुईच्या पुढे-मागे सरकण्यावर चालतो. ओट्यावरच्या सिंकला ओढून बाहेर काढता येणारा फवारा लावतात, त्याची रचना करणाऱ्यापुढेही तोच प्रश्न असतो. पाणी कमी करायचे, पण त्याचा जोर मरू द्यायचा नाही.

अंगणात झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार दूर जाते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. पण तेच पाणी मागे नळाचा कॉक अर्धा बंद करून कमी केले, तर पाइपच्या तोंडातून ते नुसते पायाशी ओघळते. दोन्ही वेळा बादली भरायला जास्त वेळ लागतो, म्हणजे पाणी दोन्हीकडे घटलेलेच असते. फरक इतकाच, की कॉकच्या अरुंद फटीतून जाताना पाण्याचा दाब तिथल्या तिथे घुसळून संपतो आणि पुढे उरते ते निर्जीव पाणी. अंगठ्यापाशी मात्र दाब शेवटपर्यंत टिकतो आणि अगदी तोंडाशी त्याचा वेग होतो. नोझलचे सगळे शास्त्र या अंगठ्यात आहे.

कोयना महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वळणाच्या जरा वर १०३ मीटर उंचीचे धरण आहे आणि त्यामागे १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा शिवसागर जलाशय. जलाशयाच्या पश्चिमेला डोंगराची एकच भिंत आणि तिच्यापलीकडे खाली कोकण. ही भिंत बोगद्याने भेदली की पाण्याला प्रचंड उंची मिळते, यावर सगळा प्रकल्प उभा आहे. नवजा येथे पाणी अधिजल भुयारात शिरते, दाबाचे हेलकावे झेलणाऱ्या उल्लोळ विहिरीपाशी येते आणि तिथून पोलादी अस्तराच्या दाबविवरांतून पोफळीला कोसळते. १९६२ साली इथे वीजनिर्मिती सुरू झाली. चक्रावरून उतरलेले अवजल कोळकेवाडीच्या धरणात साठते आणि तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज करून वाशिष्ठीच्या वाटेने समुद्राकडे जाते. पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून एकेक घनमीटर पाण्यातून किती वीज निघते, याला इथे फार किंमत आहे.

पोफळीसाठी पावणेपाचशे मीटर उंची धरून हिशेब केला, तर चक्राच्या पातळीला दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेसत्तेचाळीस किलोच्या आसपास येतो. नोझलमधून सुटणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला ९५ मीटरच्या घरात, म्हणजे ताशी सुमारे ३४० किलोमीटर. गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असेल, तर ओट्यावरच्या पाण्याचा वेग, घर्षण सोडून, सेकंदाला पावणेआठ मीटरच्या वर जाऊ शकत नाही. पोफळीच्या उंचीवर एक हजार लिटर पाण्यातून सव्वा युनिटच्या थोडी आत वीज मिळते. मिनिटाला आठ लिटर सोडणारा नळ दोन तासांत तितके पाणी खर्च करतो.

पेल्टन चक्राचे नाव लेस्टर पेल्टन या अमेरिकन सुताराचे. कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात काम करताना त्याने चक्राच्या परिघावरच्या वाट्यांना मधोमध धारदार कणा दिला आणि १८८० साली त्याचे पेटंट घेतले. धार कण्यावर दुभंगते, दोन्ही अर्धगोलांतून वळते आणि जवळजवळ उलट दिशेने बाजूला पडते. चक्राचा वेग धारेच्या वेगाच्या निम्म्याच्या किंचित खाली ठेवला, की वाटीतून पडणाऱ्या पाण्यात जोर जवळपास उरतच नाही. तो सगळा चक्राला मिळालेला असतो. धारेचा वेग बदलला तर ही जुळणी मोडते. विजेची वारंवारता ५० हर्ट्झला बांधलेली असल्याने चक्राचा वेग कमी-जास्त करता येत नाही. तेव्हा वीज कमी हवी असताना धार संथ करून चालत नाही, ती बारीकच करावी लागते. सुईची गरज इथून निघते.

नोझल म्हणजे पुढे निमुळते होत गेलेले जाड पोलादी नळकांडे. त्याच्या तोंडाला घट्ट पोलादाची एक कडी बसवलेली असते. नळकांड्याच्या मधोमध दांडा आणि त्याच्या टोकाला पेरूसारखी फुगीर, पुढे अणकुचीदार सुई. पाणी सुईच्या चारही बाजूंनी येते आणि कडी व सुई यांच्यामधल्या गोल फटीतून बाहेर पडते. सुई पुढे सरकली की फट अरुंद होते आणि धार बारीक होते, पण फटीच्या मागे दाब पूर्ण असल्यामुळे वेग तोच राहतो. फटीतून निघालेले पाणी सुईच्या टोकावरून घसरत पुन्हा एकत्र येते आणि थोड्या अंतरावर सर्वांत बारीक होते. चांगल्या नोझलची धार तोंडापाशी काचेच्या कांडीसारखी दिसते, गुळगुळीत आणि जवळजवळ स्थिर. सुईवर एक चरा पडला किंवा मागच्या पाइपच्या वळणामुळे पाण्याला पीळ बसला, की कांडी विस्कटते, भोवती तुषार उडू लागतात आणि त्या तुषारांतली शक्ती वाया जाते. सुईचा दांडा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या नळकांड्यात आडव्या नव्हे, उभ्या पातळ पात्यांसारख्या असतात त्या यासाठीच: पाणी सरळ राहावे.

सुई तेलाच्या दाबाने हलते आणि तिला हुकूम देतो गव्हर्नर. ग्रिडवरची मागणी वाढून वारंवारता किंचित घसरली की तो सुई मागे घेतो, मागणी उतरली की पुढे ढकलतो. संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात त्या वेळी कोयनेचा खरा उपयोग होतो. औष्णिक केंद्राला भार वाढवायला बराच वेळ लागतो, इथे काही मिनिटांत चक्र शून्यातून पूर्ण भारावर येते.

अवघड वेळ येते ती भार एकाएकी तुटल्यावर. वाहिनीवर बिघाड झाला आणि जनित्र ग्रिडपासून सुटले, तर चक्राला अडवणारे काहीच उरत नाही आणि ते बेफाम फिरू लागते. सुई झटकन बंद करावी म्हटले, तर मागे दाबविवरात शेकडो मीटर लांबीचा पाण्याचा स्तंभ धावत असतो. तो थबकला की आपलाच जोर पाइपवर आदळतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस या जलाघाताचे गणित मांडले. पोलादी पाइपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबवले, तर दाबात शंभर मीटरहून जास्त उंचीच्या पाण्याइतकी भर पडते. वेग पाच मीटर असेल तर पाचशे. म्हणजे पोफळीसारख्या ठिकाणी एकूण दाब मूळच्या दुप्पट होतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि सगळ्या यंत्रात तो सर्वांत देखणा आहे. नोझलच्या तोंडापुढे एक वाकडे पोलादी पाते असते, त्याला डिफ्लेक्टर म्हणतात. भार तुटताच ते एक-दोन सेकंदांत धारेत घुसते आणि तिला वाटीपासून बाजूला वळवते. पाणी वाहतच राहते, पाइपला काहीच कळत नाही, पण चक्राला मिळणारा रेटा जातो. मग सुई सवडीने, अर्ध्या मिनिटात किंवा त्याहून हळू, बंद होते. पाणी थांबवण्याआधी ते वळवायचे, असा हा क्रम आहे. नोझल बंद झाल्यावरही जड चक्र बराच वेळ फिरत राहते, त्याला थांबवायला वाट्यांच्या पाठीवर मारा करणारे वेगळे छोटे ब्रेक-नोझल असते. आणि नोझलच्या मागे मोठा गोल व्हॉल्व्ह असतो, तो फक्त पूर्ण उघडायचा किंवा पूर्ण मिटायचा. भार कमी-जास्त करायला त्याला कुणी हात लावत नाही.

घरातल्या सिंकखालचा अँगल कॉक हे त्या गोल व्हॉल्व्हचे धाकटे भावंड. तोही दुरुस्तीसाठी मिटायचा असतो. पाणी फार उडते म्हणून तो कायमचा अर्धवट फिरवून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती चुकीची आहे. त्याने दाब तिथेच मरतो आणि वरचा फवारा मलूल होतो.

सुईचे तत्त्व घरगुती आकारात पाहायचे असेल तर शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणी पंप बघावा. त्याच्या दांड्याच्या टोकाचे पितळी नोझल चाकीसारखे फिरते. घट्ट केले की बारीक धुक्यासारखा शंकू, सैल केले की लांब धार. कोयनेच्या पायथा वीजगृहातून एका युनिटचे १०५० क्युसेक पाणी सोडतात ते कृष्णेत उतरून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना मिळते, आणि त्याच्या जोरावर उभ्या असलेल्या सांगलीकडच्या द्राक्षबागांत ही नोझले फिरवली जातात.

ओट्यावरच्या फवाऱ्याची रचना यापेक्षा नाजूक आहे, कारण एकाच मूठभर वस्तूकडून तीन कामे हवी असतात: भांडे भरायला भरीव धार, खरकटे काढायला जोरकस फवारा आणि पालेभाजी धुवायला मऊ पाणी. मऊ पाण्यासाठी एअरेटर वापरतात. त्याच्या बाजूच्या फटींतून हवा ओढली जाते, जाळीत पाण्याशी मिसळते आणि पांढरी, न उडणारी धार पडते. फवाऱ्यासाठी चकतीत बारीक भोके. एक मिलिमीटरची चाळीस भोके असतील, तर तीन मीटर उंचीच्या टाकीवर त्यांतून जास्तीत जास्त मिनिटाला साडेआठ-नऊ लिटर पाणी निघू शकते. आतल्या बारीक नळीतले घर्षण धरले तर आणखी कमी. तीच चकती चार किलो दाबावर लावली, तर दाब तेरा पट वाढूनही प्रवाह वाढतो साडेतीन पटच, तरी तो तीस लिटरच्या वर जातो. अमेरिकेतल्या नियमांनी अशा नळांना मिनिटाला २.२ गॅलन, म्हणजे ८.३ लिटरची कमाल मर्यादा घातली. ती मोजतात चार किलोच्या थोड्या वरच्या दाबावर. त्यासाठी फवाऱ्यात रबरी कडीचा नियंत्रक बसवतात. दाब वाढला की कडी दबून वाट अरुंद करते आणि प्रवाह स्थिर राहतो. गच्चीवरच्या टाकीचे पाणी येणाऱ्या घरात त्या कडीचे काही काम नाही. तिथे ती फक्त अडथळा ठरते, म्हणून काढून ठेवणे बरे. आपल्याकडच्या घरांसाठी फवारा बनवणाऱ्याने सुरुवातच तीन मीटरच्या टाकीपासून करावी. मोठ्या भोकांची चकती, रुंद नळी आणि कमीत कमी वळणे लागतात, ते त्यामुळे.

धारेवरून फवाऱ्यावर जाण्याची कळ डिफ्लेक्टरचे काम करते. पाणी थांबत नाही, वाट बदलते, म्हणून ती कितीही पटकन दाबली तरी पाइप हादरत नाही. काही फवाऱ्यांवर पाणी रोखून धरणारी दुसरी कळ असते, ती मात्र जलाघात देते. जीआय पाइपच्या जुन्या घरात ती दाबताच भिंतीतून धप्प असा आवाज येतो. ही कळ हळू मिटेल अशी ठेवणे, आणि तिच्यामागची लवचिक नळी पूर्ण दाब सोसेल अशी निवडणे, या दोन गोष्टी रचनाकाराने विसरू नयेत. एकच दांडा गरम-गार दोन्ही पाणी सोडत असेल, तर कळ मिटल्यावर दोन्हींचे पाणी एकमेकांच्या पाइपमध्ये शिरू शकते. त्यासाठी मागे एकदिशा व्हॉल्व्ह हवेत.

एकदिशा व्हॉल्व्हचे त्याहून मोठे कारण वेगळे आहे. फवारा ओढून सिंकमधल्या खरकट्या पाण्यात पडलेला असतो, तेवढ्यात वरचा पुरवठा बंद होतो, पाइप रिकामा होऊ लागतो आणि पाणी उलटे ओढले जाते. दिवसातून ठराविक वेळच पाणी येणाऱ्या गावांत पुरवठा रोजच बंद होतो, तेव्हा ही शक्यता नेहमीची आहे. फवाऱ्याच्या मुठीत बसवलेला नखाएवढा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह ते अडवतो. तो अडकला आहे की नाही हे पाहायला नळी सोडून फवाऱ्याच्या तोंडाकडून फुंकावे. हवा मागे गेली तर व्हॉल्व्ह बदलायला झाला.

सिंकखाली नळीचा लोंबता वळसा आणि त्यावर अडकवलेले वजन फवाऱ्याला परत जागेवर ओढते. वळशात डबे, पिशव्या कोंबल्या की वजन अडते आणि फवारा अर्ध्यावर लोंबकळतो. चकतीच्या भोकांत क्षार बसतात. विहीर किंवा बोअरचे पाणी असेल तर लवकर. रबरी टोकांच्या चकतीवर अंगठा घासला की ते सुटतात, प्लॅस्टिकची चकती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी. मोठ्या नोझललाही अशीच निगा लागते. पोफळीसारख्या ठिकाणी जलाशयात गाळ आधीच खाली बसतो, त्यामुळे हिमालयातल्या गारगोटीच्या वाळूने झिजतात तशा तिथल्या सुया झिजत नाहीत. तरीही वार्षिक देखभालीत प्रत्येक सुई आणि कडी तपासली जाते, चरे वेल्डिंगने भरले जातात आणि पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत घासला जातो.