मुरुमांचे डाग आणि खड्डे: उपचार वेगवेगळे

मुरूम बरे झाल्यावर चेहऱ्यावर दोन प्रकारच्या खुणा उरतात. काळसर डाग त्वचेतील रंगद्रव्य वाढल्याने पडतात आणि बहुधा काही महिन्यांत फिकट होतात. खड्डे मात्र त्वचेतील कोलॅजन नष्ट झाल्याने पडतात; ते केवळ मलमाने भरून येत नाहीत.

डागांसाठी नियमित सनस्क्रीन आणि वैद्यकीय सल्ल्याने ॲझेलेइक ॲसिड किंवा ॲडापॅलीन उपयुक्त ठरते. गरोदरपणात ॲडापॅलीन टाळावे. खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग, सबसिजन व लेझर हे पर्याय आहेत. त्यांनी खड्डे उथळ होतात, पूर्णतः नाहीसे होत नाहीत. सावळ्या त्वचेवर तीव्र लेझरने नवे डाग पडू शकतात. मुरूम आटोक्यात आल्यानंतरच हे उपचार करणे हिताचे.

मध्य प्रदेशातील कन्नौद असो वा गोव्यातील काणकोण, त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याऐवजी औषधाच्या दुकानातून चेहरा उजळण्याचे मलम आणण्याचा मोह सर्वत्र सारखाच. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. आरंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते आणि मुरूम बळावतात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडयुक्त मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध घातले. असे मलम दीर्घकाळ लावले असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. पुढील उपचार त्यावरच ठरतो.